रजेवरच्या पेशी

मॅडमनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. दोन वर्षं मी त्यांच्याकडे शिकले आणि दोन्ही वर्षं साडेएकतीस होते. साडेएकतीस सेंटिमीटर हा माझ्या उजव्या पोटरीचा घेर. साताऱ्याच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या पहिल्याच दिवशी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मॅडम गळ्यात शिंप्याची टेप घालून उभ्या होत्या आणि आम्हा मुलींना एकेक करून स्टुलावर पाय ठेवायला सांगत होत्या. मुलांचं माप प्रयोगशाळेतले मामा घ्यायचे. आकडा वहीत गेला की तीच ओळख. वर्गात दोघी तेहतीस निघाल्या, तेव्हा एकीला त्यांनी 'तेहतीस खिडकीजवळची' केलं. ती पुढं दाराजवळ बसायला लागली तरी खिडकीजवळचीच राहिली.

मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आटपाडीच्या बाजूचं मेंढपाळाचं घर, वडील म्हणजे आबा सहीपुरतं लिहिणारे. मोठ्या कॉलेजात काय काय करतात हे सांगणारं घरात कोणी नव्हतं, त्यामुळे जे होईल ते रीतसरच असणार, असा माझा ठाम विश्वास होता. मी संध्याकाळी आबांना फोन करून सांगितलं की इथं आधी पोटरीचं माप घेतात. आबा म्हणाले, "घेत्यात की. पोलीस भरतीत बी छाती मोजत्यात." आमचं दोघांचंही समाधान झालं.

मॅडमचं स्वतःचं माप दर सोमवारी, पहिल्या तासाच्या आधी व्हायचं. केबिनचं दार बंद, बाहेर मामा राखणीला. उजवी पोटरी चौतीस, डावी सत्तावीस. तरुणपणी कोरेगाव रस्त्याला त्या लूनावरून पडल्या होत्या. डाव्या पायाचं हाड मोडलं, प्लास्टर काही महिने राहिलं आणि उतरवलं तेव्हा आत काठीसारखा पाय निघाला. हाड जुळलं, पण गेलेली पोटरी परत आली नाही. तेव्हापासून त्या दर सोमवारी मोजत होत्या. कपाटाच्या खालच्या कप्प्यात त्या सोमवारांच्या वह्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. मामा एकदा मला म्हणाले, "डाव्या पायाचा आकडा मीबी सांगू शकतो, न मोजता."

त्याच कपाटात वरच्या कप्प्यात कंदी पेढ्यांचे खोके होते. नवीन मुलगा किंवा मुलगी तिथं एकटी असली की हमखास खोका उघडून बघायची. आत सगळ्यांत काचपट्ट्या निघत, स्नायूच्या कापांच्या, गुलाबी-जांभळ्या रंगवलेल्या. मीही उघडला. एक नव्हे, तीन खोके उघडले. तिसऱ्याला मॅडम मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "पहिल्यात काचा निघाल्यावर दुसऱ्यात पेढे असतील असं का वाटलं?" मी खाली मान घालून म्हटलं, वाटलं खरं. त्यावर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, एका खोक्यावरून सगळ्या खोक्यांचं ठरवलं नाहीस हे चांगलं केलंस. मी हे कौतुक समजून बरेच दिवस मिरवलं.

मॅडमचा विषय एकच. मोठ्या वयाच्या प्राण्याचा स्नायू फाटला, चिरडला तर तो पुन्हा भरून कसा येतो. गांडूळ शिकवायला घेतलं तरी त्या पंधराव्या मिनिटाला पोटरीवर यायच्या. त्यांचं सांगणं असं असायचं.

"रजेवर आलेला जवान बघितलाय ना? आपल्याकडं गल्लीगल्लीत एक असतो. ओसरीवर घोरत पडलेला. घर त्याच्यावाचून चाललेलं असतं. जेवला, झोपला, कुणाला वाटावं याचा उपयोग काय. पण एक हुकूम आला की ट्रंक उचलून निघाला. तुमच्या स्नायूच्या प्रत्येक तंतूच्या कडेला, सालीला चिकटून, अशा पेशी झोपलेल्या असतात. तंतू तुटला की उठतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार होतात. बऱ्याच जणी तंतू जोडण्यात खर्ची पडतात. आणि थोड्या, हे नीट लिहून घ्या, थोड्या पुन्हा कडेला जाऊन झोपतात. पुढच्या वेळेसाठी."

यांना मूलपेशी म्हणतात, त्यांच्या अमुक प्रथिनावरून त्या ओळखतात, वगैरे पुस्तकातलं सगळं त्या सांगत. पण परीक्षेत कुणी 'रजेवरचा जवान' लिहिलं तरी पूर्ण गुण देत. माझ्या बॅचमध्ये मेढ्याचा एक मुलगा होता, त्याचा थोरला भाऊ खरोखरच सैन्यात. त्यानं विचारलं, "मॅडम, आमचा दादा रजेवर आला की म्हशीची धार काढतो. झोपत न्हाई." मॅडमनी गंभीरपणे त्याचीही नोंद घेतली.

खरा प्रश्न म्हातारपणाचा होता. वय झालं की मार बसलेला स्नायू पहिल्यासारखा भरत नाही. का? विभागप्रमुख सर म्हणत, सोपं आहे, पेशी संपत येतात. मॅडमना हे पटायचं नाही. त्यांच्या मते जवान घरातच असतो, हुकूम पोचत नाही. यावर दोघांचा स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी वाद चालायचा. मॅडम डावा पाय टेबलाखाली घेऊन बसत आणि सर तिकडं बघायचं टाळत. तो वाद कशाबद्दल आहे हे सगळ्यांना कळत होतं. मला सोडून. मी दोघांचंही वहीत लिहून घ्यायचे.

आता गडाबद्दल सांगते, कारण कॉलेजात मॅडमची ओळख त्यावरूनच होती. दर वर्षी नव्या बॅचला त्या अजिंक्यताऱ्यावर न्यायच्या. जाताना रिक्षानं, येताना पायी. सगळं जग गड चढतं आणि उतरताना जमलं तर वाहन बघतं. मॅडमची मुलं दरवाजापर्यंत रिक्षातून जायची आणि तिथनं उतरायला लागायची. स्टँडवरचे रिक्षावाले त्यांना ओळखायचे. म्हणायचे, "आल्या बघा, उलट्या मॅडम."

त्याचं कारण असं. चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना त्याला ताणलं जाता जाता जोर धरावा लागतो, आणि तसा जोर धरताना तंतूंना बारीक बारीक चिरा पडतात. दुखणं लगेच येत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी येतं, दुरुस्तीचं काम चालू झाल्यावर. मॅडमचं म्हणणं होतं की ज्याला स्वतःच्या मांडीत ही दुरुस्ती कळली नाही, त्याला सूक्ष्मदर्शकात बघून काय कळणार.

मी वर पोचल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मी मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेली आहे, माझं काही दुखणार नाही. उतरताना सर्वांत पुढं होते. दुसऱ्या दिवशीही ठीक होतं. तिसऱ्या दिवशी होस्टेलचा जिना मी उलटी तोंड करून, कठडा धरून, एकेक पायरी उतरले. तशीच विभागात जाऊन मॅडमसमोर उभी राहिले आणि म्हणाले, काही दुखत नाही.

"साडेएकतीस, तुमच्याकडं डोंगरउतार किती?"

"सपाट माळच आहे, मॅडम."

"आणि गेली तीन वर्षं मेंढरांमागं कोण जातं?"

"आबा."

"मग काय दुखतं ते वहीत लिही. दोन्ही मांड्या. फार."

मी लिहिलं. बसून लिहायला सांगितलं होतं, पण बसले असते तर उठता आलं नसतं, म्हणून उभ्यानंच.

एक गोष्ट मात्र आम्ही मागं बोलायचो. मॅडम स्वतः कधी उतरायच्या नाहीत. आम्हाला दरवाज्यात सोडून त्याच रिक्षानं खाली यायच्या आणि पायथ्याला ग्लुकोजची बिस्किटं घेऊन बसायच्या. जवान घरातच आहे असं आयुष्यभर सांगणाऱ्या बाईनं त्याला एकदाही हाक मारून बघितली नव्हती. आम्हाला ते ढोंग वाटायचं. मी तर मैत्रिणींना हसवायला मॅडमची रिक्षात बसण्याची नक्कल करायचे. मारलेल्या हाकेला कोणी उठलं नाही तर काय, ही भीती माझ्या ध्यानात यायला फार उशीर लागला.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प होता. मॅडमच्या निवृत्तीला तेव्हा सात महिने उरले होते. त्यांनी मला विषय दिला: तरुण आणि म्हाताऱ्या मेंढीच्या मांडीच्या स्नायूची तुलना. आपल्यासाठी जनावर मारायचं नाही हा त्यांचा नियम, त्यामुळे खाटकाकडं आधीच कापलेल्या जनावराचाच तुकडा आणायचा. मेंढी म्हटल्यावर मी उड्या मारायला लागले. पहिल्यांदाच कॉलेजात असं काही आलं होतं जे मला इतरांपेक्षा जास्त येत होतं. दात बघून मी मेंढीचं वय सांगू शकत होते. आबांची एक आठ वर्षांची मेंढी आटपाडीच्या बाजारात खाटकानं घेतली होती. मी तिथं जाऊन उभी राहिले. मेंढी सोलून झाली होती, कातडं बाजूला पडलं होतं. उजव्या मांडीच्या वरच्या थराचा अंगठ्याएवढा तुकडा घेतला, फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला. त्याच खाटकाकडून एका वर्षाच्या मेंढीचाही घेतला. मॅडमनी छापून दिलेला फॉर्म तिथंच ओट्यावर ठेवून भरला. वय, वजन, मालक. 'इजा अथवा जखम' या रकान्यात मी वळणदार अक्षरात 'नाही' असं लिहिलं. खाली सही.

येताना एसटीत बाटली गळली आणि फॉर्मॅलिनच्या वासानं आसपासच्यांचे डोळे चुरचुरायला लागले. शेजारच्या आजीनं विचारलं तेव्हा मी लोणचं आहे म्हणाले. त्या म्हणाल्या, मग सासरी गेल्यावर असलं घालू नगं.

स्नायू आडवा कापून रंगवला की काचेवर उसाची मोळी तोंडाकडून बघितल्यासारखी दिसते. गोल गोल तंतू एकमेकांना खेटून. प्रत्येक तंतूची केंद्रकं, म्हणजे जांभळे ठिपके, कडेला असतात, सालीच्या आतल्या अंगाला. झोपलेल्या मूलपेशीही तिथंच कुठंतरी. त्या वेगळ्या ओळखायला जी महागडी रसायनं लागतात ती आमच्याकडं नव्हती. पण तंतू नुकताच तुटून पुन्हा जोडला गेला असेल तर काही आठवडे त्याचे ठिपके कडेला न राहता मधोमध दिसतात. पेशी दिसली नाही तरी ती येऊन काम करून गेली हे त्यावरून कळतं. मला हे मधले ठिपके मोजायचे होते.

तरुण मेंढीत जवळजवळ नव्हतेच. म्हातारीच्या काचेवर मी डोळा लावला आणि मला वाटलं मी काच उलटी ठेवलीय. तंतूमागून तंतू, मधोमध ठिपका. काही न लागलेल्या, आठ वर्षांच्या मेंढीच्या मांडीत दुरुस्तीचा कारखाना चालू होता.

मॅडमनी बघितलं. इतका वेळ बघितलं की मामांनी ठेवलेल्या चहावर साय आली. मग त्यांनी तीन दिवस स्वतः मोजलं. रोज एकदा मला विचारलं, "मेंढीला काही लागलं नव्हतं ना?" आणि रोज मी सांगितलं, नाही मॅडम, आमच्याच घरची मेंढी आहे, मला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी तर मला थोडा रागच आला. मेंढरांबद्दल मला विचारायचं म्हणजे काय.

सांगलीतल्या एका कॉलेजात राज्यस्तरीय चर्चासत्र होतं. निवृत्तीआधीचं मॅडमचं ते शेवटचं. त्यांनी निबंध पाठवला: म्हाताऱ्या स्नायूत मूलपेशी नुसत्या उरलेल्याच नसतात, विनाकारणही काम करत राहतात. त्यावर त्यांनी माझं नाव त्यांच्या आधी घातलं. त्यासाठी त्यांना मामांना विचारावं लागलं, "हिचं नाव काय हो?" या निबंधावर पुण्याला पीएच.डी.साठी शिफारस करते, असंही म्हणाल्या.

त्याच आठवड्यात कपाटाशेजारी नव्या बुटांचा खोका दिसला. मी पेढ्यांचाच खोका समजून उघडण्याइतकी भोळी राहिलेली नव्हते, पण मॅडमनीच उघडून दाखवला. खाली खोल खाचांचे बूट, उतारावर न घसरणारे. त्यांनी डाव्या बुटात दोन मोजे कोंबून बघितले. "नोकरीतून सुटले की गड उतरणार," म्हणाल्या. "त्या मेंढीचं चाललंय तर माझं का नाही?" अठ्ठावन्न-साठीच्या बाईचा चेहरा मी त्याआधी तसा कधी बघितला नव्हता.

चर्चासत्राच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी आबांना फोन लावला. उद्या तुमच्या मेंढीवर सांगलीत भाषण आहे, हे सांगायला. आबांना आनंद झाला, पण कुठली मेंढी ते लक्षात येईना.

"कंची? ती मांडीला डागल्याली?"

मी विचारलं, डागलेली म्हणजे.

"आगं, लंगडत न्हवती का ती? लंगडं जनावर बाजारात कोन घेतंय? महिनाभर आदी तीन डाग दिलं मांडीला, चांगलं खोल. चार-पाच दिसांत सरळ चालाय लागली. म्हनून तर भाव आला."

डागणं म्हणजे लोखंडी सळई लाल करून जनावराच्या दुखऱ्या जागी टेकवायची. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. खोल डाग दिला तर कातड्याखालचा स्नायूही भाजतो, आणि भाजलेला स्नायू पुढचे काही आठवडे स्वतःला जोडत राहतो. मी आबांना म्हटलं, मी तर इजा नाही असं लिहून दिलंय.

आबा म्हणाले, "मग बराबरच लिवलंस की. इजा कुटं किली? औषध किलं."

आणि यात सर्वांत वाईट भाग हा की मला ते पटलं. फोन ठेवल्यावर मला ओट्याजवळ पडलेलं कातडं आठवलं. त्यावर तीन काळे पट्टे होते. मी ते बघितले होते. नीट बघितले होते. पण आमच्या कळपातल्या प्रत्येक दुसऱ्या मेंढीवर कुठंतरी पट्टे असतातच. तापलेल्या सळईचा चट्टा म्हणजे जखम हे माझ्या डोक्यात आलंच नाही, कारण लहानपणापासून मी त्याला उपचार म्हणत आलेली होते. साताऱ्याच्या एखाद्या मुलीनं ते पट्टे बघून किंकाळी फोडली असती आणि फॉर्म बरोबर भरला असता. मेंढरांतली जाणकार म्हणून गेलेली मी एकटीच ती चूक करू शकत होते.

सकाळच्या सांगली गाडीत मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. पेन ड्राइव्ह हरवू नये म्हणून पदराला सेफ्टी पिननं लावला होता. मी ठरवलं होतं की गाडी सुटताच सांगायचं. मग ठरवलं उंब्रजला. उंब्रज गेलं. न सांगितलं तर काय होईल, याचाही मी हिशोब केला, खोटं कशाला बोलू. कोणाला कळणार होतं? मेंढी खाऊन झाली होती. माझं पुणं होणार होतं. मॅडम त्यांचे बूट घालणार होत्या, आणि कदाचित चांगल्याही होणार होत्या. कराडच्या स्टँडवर मी धीर एकवटून मॅडमकडं वळले आणि म्हणाले, शेंगा खाणार का. त्यांनी खाल्ल्या. शेवटी पेठ नाक्याला, गाडी थांबलेली असताना, मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठला पाय?"

"मागचा उजवा."

"आणि आपला तुकडा?"

"मागच्या उजव्याचाच."

"डाग तू बघितले होतेस?"

"हो मॅडम. कातड्यावर होते."

"मग लिहिले का नाहीस?"

"ते लागलेलं नसतं, मॅडम. आमच्याकडं ते औषध असतं."

त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. इस्लामपूर येईपर्यंत उसाशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं, ते त्यांनी बघितलं. मी ओढणी तोंडात कोंबून रडत होते. कंडक्टरला वाटलं मला मळमळतंय, त्यानं आपण होऊन प्लास्टिकची पिशवी आणून दिली आणि पुढं तोंड करून बसायला सांगितलं. मी ती पिशवी सांगलीपर्यंत हातात धरून होते.

आष्ट्याजवळ मॅडमनी फॉर्म मागितला. चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचला. "हा कुणी छापला?"

"तुम्ही."

"यात 'उपचार' असा रकाना आहे?"

"नाही."

"मग चूक दोघींची," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुझी जास्त."

मला वाटलं, आता आजारी पडल्याचं कळवून त्या परत फिरतील. त्या मंचावर गेल्या. चित्रं दाखवली. मधले ठिपके बघून पुढच्या रांगेतली माणसं सरसावून बसली. मग मॅडम म्हणाल्या की या मेंढीला काही इजा नव्हती असं आज सकाळी कराडपर्यंत मी समजत होते. पेठ नाक्याला कळलं की तिला डागलेलं होतं. सभागृहात हशा झाला. तो ओसरेपर्यंत त्या थांबल्या आणि डागणं म्हणजे काय, ते कसं करतात, मेंढपाळ त्याला इजा का म्हणत नाही आणि आपण फॉर्ममध्ये काय विचारायला हवं होतं, हे सगळं सावकाश सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. अर्थात त्यांना ते पुन्हा आठवतही नसेल.

अध्यक्ष सौजन्यानं म्हणाले, मॅडम, तुम्ही निबंध मागे घेऊ शकला असता.

"घेतला असता," मॅडम म्हणाल्या, "मग हीच चूक पुढच्या मुलीला पुन्हा करावी लागली असती."

कोणीतरी विचारलं, मग यातून सिद्ध काय होतं. मॅडम म्हणाल्या, काहीच नाही. आणि खाली येऊन बसल्या. उतरताना मंचाच्या तीन पायऱ्यांवर त्यांनी आधाराला हात पुढं केला. मी धावले, पण माझ्या हातात अजून ती पिशवी होती.

परतीच्या गाडीत मला राहवेना. शिकलेलं सगळं वापरायचं ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, मॅडम, पण मेंढी म्हातारी तर होतीच. तिचा भाजलेला स्नायू महिन्याभरात जोडला जात होता. म्हणजे तिला हुकूम पोचला. पेशी उठल्या.

"एका मेंढीवरून काही म्हणता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

कराड मागं पडलं. मला वाटलं त्यांना झोप लागली. तेव्हा डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "पण नाही, असंही म्हणता येत नाही."

निवृत्तीची वाट न बघता पुढच्या रविवारी त्या गड उतरल्या. हातात काठी, पुढं मामा, मागं मी. जे अंतर आम्ही अर्ध्या तासात उतरायचो त्याला सकाळ गेली. दोन ठिकाणी त्या बसल्या, एका ठिकाणी मला बघू नको म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी विभागात आल्या त्या भिंत धरून. मामा घाबरले, डॉक्टरांना फोन करू का विचारायला लागले. मॅडमचा चेहरा वेदनेनं पांढरा आणि त्यावर हसू. "दोन्ही पाय दुखतायत," त्यांनी मला सांगितलं. "दोन्ही." त्यानंतर आठवड्यातून दोनदा त्या उतरू लागल्या. माप वाढलं का ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आणि कपाटातल्या वह्या निवृत्तीच्या दिवशी त्या घरी घेऊन गेल्या.

पुण्याची शिफारस त्यांनी केली. ते पत्र मला वाचायला मिळालं. 'हिला मोजता येतं. बघितलेलं लिहायला शिकवावं लागेल.' एवढंच. पुण्याच्या सरांनी ते वाचून मला घेतलं. पीएच.डी. झाली, आणि आता मी पलूसच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. मुलांच्या पोटऱ्या मोजायची माझी हिंमत नाही. फॉर्म मात्र मी असे लांबलचक छापते की मुलं कंटाळून अर्धे रकाने कोरे सोडतात.

निवृत्तीनंतरच्या दिवाळीत, मेंढरं खालच्या मुलखात चारणीला निघण्याआधी, मॅडम आटपाडीला आल्या. आबांना भेटायचं होतं. त्यांनी नवा फॉर्म केला होता, पाच पानांचा, आणि तो कोणा शिकलेल्या माणसाकडून नव्हे, आबांकडून तपासून घ्यायचा होता. मला लाज वाटत होती. घरात खुर्ची एकच, तीही शेजाऱ्यांची. मॅडम खुर्ची सोडून घोंगडीवर बसल्या आणि आबांना परीक्षेत विचारावं तसं विचारायला लागल्या. सळई किती तापवता. रंग कसा झाला की काढता. डाग किती, कुठं, किती वेळ टेकवता. म्हाताऱ्या जनावराला गुण यायला जास्त दिवस लागतात का. आबांना आयुष्यात कोणी इतके प्रश्न विचारले नव्हते. आधी ते दबकत बोलले, मग रंगात आले, सळई आणून दाखवली. मी मधे एकदा त्यांचं म्हणणं शुद्ध करून सांगायला गेले, तर मॅडम म्हणाल्या, "साडेएकतीस, गप्प बस. ते बोलतायत."

बोलता बोलता आबांची नजर मॅडमच्या पायाकडं गेली. लंगडं जनावर बघितल्यावर जशी जाते तशी. त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं आणि मला नको नको म्हणायला अवधीच दिला नाही.

"आवं बाई, रागावू नगा. पर त्यो डावा पाय... एक डाग दिऊ का? बारीकच. गुण येतोया."

मी जागच्या जागी मेले असते तर बरं झालं असतं. मॅडमनी मात्र साडी थोडी वर घेतली आणि आपल्या पोटरीकडं बघितलं. खरोखर विचार करत होत्या. मला भीती वाटली की त्या हो म्हणतील.

"नको आबा," शेवटी त्या म्हणाल्या. "सध्या मी गड उतरतेय. त्यात डागही दिलात तर फरक कशानं पडला ते मला कळायचं नाही."

आबांनी सळई खाली ठेवली. नाही म्हणायला इतकं विचित्र कारण त्यांनी कधी ऐकलं नसावं. संध्याकाळी मॅडम गेल्या. मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घालून झाली, तेव्हा आबा माझ्याजवळ येऊन बसले.

"बाई शानी हाय," आबा म्हणाले. "आमी डागतो, वर हळदबी लावतो, आन चार दिस चरायलाबी सोडत न्हाई. मग गुण कशाचा, ते आमाला तरी कुटं ठावं हाय?"